कोरेगांवचा स्तंभलेख आणि पेन्शनरांचीं विनंतिपत्रें

लढाई संपल्यावर लढणारांचें पुढें काय झालें, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखनानें फारसा विचारलेला नाहीं. सरदारांचे सरंजाम, इनामांचे तंटे, गादीचे वारस यांविषयींच्या कागदांचे रुमालच्या रुमाल आपण छापले. परंतु ज्याच्या खांद्यावर बंदूक होती तो शिपाई पेन्शन घेऊन गांवीं परतला, आपल्यासारख्या दहाजणांत बसूं लागला, आणि त्या बसण्याउठण्यांतून एखादी मंडळी उभी राहिली, तर तिचे कागद कोणीं जमविले? कोणींच नाहीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति थोडी होईल. प्रस्तुत लेखांत अशा शिपायांविषयींचा एक पाषाणलेख आणि त्यांच्या बाजूनें लिहिलेलीं दोन विनंतिपत्रें यांचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. तिन्ही लेख अभ्यासकांस नांवानें परिचित आहेत. ते एकापुढें एक ठेवून वाचण्याचा प्रघात मात्र पडलेला नाहीं.

तुलनेस एक परदेशी माप हाताशीं असलेलें बरें. अमेरिकेंतील यादवी १८६५ सालीं संपली आणि पुढच्याच वर्षीं इलिनॉय संस्थानांतील डिकेटर गांवीं बेंजामिन स्टीफन्सन नांवाच्या लष्करी डॉक्टरानें विजयी पक्षाच्या शिपायांचा ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ हा संघ स्थापिला. बंधुभाव, दानधर्म आणि राष्ट्रनिष्ठा हीं त्याचीं तीन व्रतें. गांवोगांव शाखा, प्रवेशाचे गुप्त विधि, दरसाल मोठी छावणी, आणि पेन्शनीच्या कायद्यासाठीं राजकारणांत उघड दडपण, असा त्याचा कारभार असे. १८९० सालीं त्याचे सभासद चार लक्षांवर गेले आणि त्याच वर्षीं त्यांस हवा तसा पेन्शनीचा कायदा झाला. पराभूत दक्षिणेच्या शिपायांनींहि १८८९ त न्यू ऑर्लिन्स येथें आपला निराळा संघ काढला. १९१३ सालीं गेटिसबर्गच्या रणभूमीवर दोन्ही पक्षांचे मिळून पन्नास हजारांहून अधिक म्हातारे शिपाई जमले आणि त्यांनीं हातांत हात दिले. संघाची शेवटची छावणी १९४९ त भरली. आम्हांस येथें महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. शाखांनीं वह्या ठेविल्या. कोण सभासद केव्हां आला, कोणत्या लढाईंत होता, कोठें जखमी झाला, हें त्याच्या तोंडून ऐकून ग्रंथांत उतरून ठेवण्याची चाल त्यांच्यांत होती. यामुळें तेथील सामान्य शिपायाचा इतिहास लिहितां येतो. या बंधुभावासहि वर्णाची कड होतीच. दक्षिणेंतील काळ्या शिपायांच्या शाखा निराळ्या काढाव्या कीं काय, हा वाद १८९१ च्या डेट्रॉइटच्या छावणींत झाला. तेथें वेगळेपणाची मागणी फेटाळली गेली, तरी ती मागणी झाली हेंहि विसरतां येत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. १८१७–१८ चें युद्ध हें कंपनी व पेशवे यांचें युद्ध म्हणून लिहिलें जातें, आणि राजसत्तेच्या दृष्टीनें तें खरेंहि आहे. परंतु पलटणींतून पाहिलें तर तें बरेंचसें यादवीसारखें दिसतें. मुंबईहून निघणारीं कंपनीचीं पथकें पनवेल बंदरीं उतरत आणि बोरघाट चढत. त्यांतील शिपाई ज्या कोंकणपट्टींतून व देशावरून भरती झालेले, तोच मुलूख पेशव्यांच्या अमलाखालीं होता. आजच्या नवी मुंबईंत भग्नावस्थेंत उभा असलेला बेलापूरचा किल्ला १८१७ च्या जूनमध्यें कंपनीच्या हातीं गेला. त्याच्या आसपासच्या गांवांतील माणसें त्या वर्षीं दोहों बाजूंस असलीं तर त्यांत नवल नाहीं. महार, मराठे, रजपूत, मुसलमान हे सर्व मुंबईच्या सैन्यांत होते. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल यांतील कित्येक याच सैन्यांत देशी अंमलदारीच्या पदांवर चढले. त्यांचें १८४९ चें प्रार्थनामंदिर पनवेलींत आहे. तेव्हां ‘परक्यांनीं जिंकलें’ हें वाक्य राज्यापुरतें खरें, माणसांपुरतें अर्धेंच.

पहिला लेख कोरेगांवच्या स्तंभाचा. भीमेच्या कांठचा हा स्तंभ १८२१ त पायाभरणी होऊन उभारण्यास आरंभ झाला, आणि लेखावर १८२२ हें वर्ष रोमन अंकांत आहे. लेख इंग्रजींत व मराठींत आहे. त्याच्या मजकुराचा सारांश असा कीं, १ जानेवारी १८१८ रोजीं कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीस पेशव्यांच्या सर्व फौजेनें खुद्द पेशव्यांच्या आधिपत्याखालीं वेढिलें, तुकडीनें दिवसभर निकराचे हल्ले सोसले, शत्रूचा पूर्ण मोड केला, आणि पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याच्या अत्यंत अभिमानास्पद विजयांपैकीं एक विजय मिळविला.

या मजकुरांतील तीन विधानें तपासण्यासारखीं आहेत. ‘सर्व फौज’ हें पहिलें. पेशव्यांची फौज अठ्ठावीस हजारांच्या घरांत होती, यांत वाद नाहीं. पण गांवांत शिरून लढली ती अरब, गोसावी व कवायती पायदळ यांची सुमारें दोन हजारांची मंडळी. घोडदळास गल्लीबोळांत करण्याजोगें कांहीं नव्हतें. ‘खुद्द पेशव्यांच्या आधिपत्याखालीं’ हें दुसरें. बाजीराव कोसभर दूर टेकाडावरून पाहत होता, आणि लढाई चालविली ती बापू गोखले, त्रिंबकजी डेंगळे आदींनीं. गोखल्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदराव येथेंच पडला. तिसरें विधान ‘पूर्ण मोड’. जनरल स्मिथ चालून येत आहे असें कळल्यावर पेशव्यांनीं कूच केलें, आणि स्टाँटनहि आपले जखमी घेऊन पुण्याकडे न जातां शिरूरास परतला. आठशें चौतीस माणसांपैकीं पावणेतीनशेंच्या वर माणूस कामास आलें, जखमी झालें अथवा नाहींसें झालें. इतकें सोसून गांव न सोडणें हें असामान्य शौर्य होय, आणि त्यास ‘मोड केला’ या अलंकाराची गरज नाहीं. ही भाषा जयस्तंभाची आहे, रोजनिशीची नव्हे. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या ग्रंथांत दिलेली हकीकत स्तंभाहून पुष्कळ संयमी आहे, आणि तो तर कंपनीचाच माणूस!

परंतु याच लेखांत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्यासाठीं त्यास शंभर अतिशयोक्ति माफ कराव्या. त्यांत शिपायांचीं नांवें आहेत. आमच्या गांवोगांवच्या वीरगळांवर वीर घोडा उडवितो, अप्सरा त्यास नेतात, वर शिवलिंग असतें, सर्व कांहीं असतें, आणि बहुधा नांव तेवढें नसतें. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें खेडोपाडीं बसविलेल्या संगमरवरी पाट्यांवर या गांवांतून इतके गेले व पैकीं इतके परत आले नाहींत, एवढे आंकडेच आढळतात. कोरेगांवच्या स्तंभावर मात्र मेलेल्या कंपनीच्या एकोणपन्नास शिपायांपैकीं बावीस नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हा प्रत्यय आहे, म्हणजे तीं महारांचीं आहेत. बाकीच्यांत मराठे, रजपूत, मुसलमान आहेत. याचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही बाजूंचे अभिमानी त्यांतील एकेक सोडून देतात. ‘पांचशें महारांनीं अठ्ठावीस हजारांस जिंकिलें’ असें म्हणणारास स्तंभ आधार देत नाहीं. पलटण मिश्र होती. आणि ‘स्तंभाचा महारांशीं विशेष संबंध नाहीं’ असें म्हणणारास तर स्तंभ उघड खोटें पाडतो, कारण निम्म्याच्या जवळ नांवें त्यांचीं आहेत.

या ‘नाक’ विषयीं थोडें. कोणी तें ‘नायक’ याचें रूप मानतात, कोणी ‘नाग’ याचें. पेशवाईच्या मोडी कागदांतहि महारांच्या नांवांपुढें तें सर्रास येतें. आमच्या मतें व्युत्पत्तीचा निकाल लागला नाहीं तरी अडत नाहीं, कारण प्रत्ययाचें काम ओळख पटविणें हें आहे. अडतें तें निराळ्या ठिकाणीं. इंग्रजी हिज्जे मराठी कानानें ऐकून गोऱ्या कारकुनानें केलेले. एकच नांव दोन रीतींनीं येतें, दोन नांवें एका रीतीनें. हे हिज्जे परत मराठींत आणतांना जो तो आपल्या ओळखीचें नांव त्यांत पाहतो. स्तंभावरील नांवांची जीं मराठी टांचणें हातोहातीं फिरतात तीं मूळ लेखाशीं ताडल्याखेरीज प्रमाण धरूं नयेत.

स्तंभ उभा राहिला, पण त्याभोंवतीं जमणारी मंडळी पुष्कळ पुढें आली. मधल्या काळाचा धागा कोंकणांत सांपडतो. १८१८ नंतर दापोली हें दक्षिण कोंकणचें लष्करी ठाणें झालें. ‘कांप दापोली’ हें नांव त्यांतलेंच. नियमित पलटणी हलविल्यावर सुद्धां निवृत्त शिपायांची एक पलटण तेथें १८५७ च्या सुमारापर्यंत होती. पेन्शनर तेथेंच घरें करून राहिले. पलटणींत मुलांस व मुलींस शिक्षण सक्तीचें असे. त्यामुळें ज्या जातींस गांवच्या शाळेच्या ओसरीवरहि बसूं देत नसत, त्यांच्यांत लिहितेवाचते लोक प्रथम या पेन्शनरांच्या घरांतून निघाले. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि तेहि निवृत्तीनंतर प्रथम दापोलीस राहिले. आजोळचे मुरबाडकरहि सुभेदारांचें घराणें.

अशा वस्तींत गोपाळबाबा वलंगकर १८८६ च्या सुमारास पेन्शन घेऊन आले. महाडजवळचा हा फुल्यांचा अनुयायी. १८८८ त ‘विटाळ विध्वंसन’ ही प्रश्नरूप पुस्तिका त्यांनीं शंकराचार्यादि धर्मधुरीणांस उद्देशून काढली, ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ यांत लिहिलें, आणि पेन्शनरांस हाताशीं धरून ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापिली. १८९२–९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. लष्करांत ‘लढाऊ जातीं’ चें नवें शास्त्र आलें होतें, आणि ज्यांच्या बापआजांचीं नांवें सरकारनेंच दगडावर कोरलीं तेच आतां लढाऊ नव्हेत असें ठरलें. १८९४ चें वलंगकरांचें विनंतिपत्र या निर्णयाविरुद्ध मुंबई इलाख्याच्या सरसेनापतीस उद्देशून लिहिलेलें आहे. तें चां. भ. खैरमोडे यांच्या संग्रहामुळें टिकलें, ही त्यांची या विषयावरील मोठी कृपा.

हें विनंतिपत्र आजवर बहुधा करुणेनें वाचलें गेलें आहे. तें टीकेनें वाचावें असें आम्हांस वाटतें, कारण लेखक करुणेस नव्हे, प्रतिवादास पात्र आहे. त्याचा मुख्य मुद्दा असा कीं, महारादि लोक मूळचे क्षत्रिय, परंतु १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळांत जीव जगविण्यासाठीं अभक्ष्य भक्षण करावें लागल्यामुळें त्यांस अस्पृश्यता आली. इतिहास म्हणून हा मुद्दा टिकत नाहीं. चोखामेळा १३३८ त मंगळवेढ्यास वारला. त्याच्या अभंगांतील विटाळाची वेदना दुष्काळाच्या आधींची, निदान अर्ध्या शतकापूर्वींची आहे. म्हणजे रोग अगोदरचा आणि कारण मागाहूनचें, असें होतें. वलंगकरांस चोखोबा ठाऊक नव्हता असें मानणें हास्यास्पद होईल. मग त्यांनीं दुष्काळ कां पुढें केला? कारण वाचणारा वारकरी नव्हता, सेनापति होता. लष्करी कचेरी वंश विचारीत होती, म्हणून वंशच सांगितला. आणि दोष जन्माचा नव्हे, एका प्रसंगाचा आहे, असें दाखविल्यावरच ‘परिहार’ या शब्दास अर्थ येतो. मंडळीचें नांव आणि विनंतिपत्राची दुष्काळकथा हीं एकाच युक्तिवादाचीं दोन टोकें आहेत.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो कीं, मंडळीच्या नांवांत ‘अनार्य’ आणि युक्तिवादांत ‘क्षत्रिय’, हा वदतोव्याघात आहे. हा आक्षेप फुले न वाचतां घेतलेला आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) च्या मांडणींत क्षत्रिय म्हणजे क्षेत्रांत राहणारा, भूमीचा मूळचा धनी, आणि महार म्हणजे ‘महाअरि’, आर्यांशीं निकरानें झुंजलेला. या अर्थानें अनार्य असणें आणि क्षत्रिय असणें एकच होय. फुल्यांची व्युत्पत्ति आम्ही मान्य करूं शकत नाहीं, पण ती आहे हें ध्यानांत घेतल्यावांचून विनंतिपत्राचा अर्थ लागत नाहीं. सेनापतीच्या टेबलावर ‘क्षत्रिय’ हा शब्द एक अर्थ सांगेल आणि दापोलीच्या पेन्शनरांत दुसरा, हें लेखकास कळत होतें असा आमचा तर्क आहे. अशा दुहेरी शब्दामुळें लेख लंगडा होत नाहीं, धूर्त होतो. जेथें तो खरोखर लंगडतो तें स्थळ वेगळें आहे. आपली योग्यता सांगतांना इतर जातींच्या वंशशुद्धीवर तो शिंतोडे उडवितो, म्हणजे ज्या तराजूनें आपणांस हलकें ठरविलें तोच तराजू हातीं घेतो. १८९५ त वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हां वरच्या जातींच्या सभासदांनीं त्यांच्याशेजारीं बसण्यास हरकत घेतली. त्या तराजूचें पारडें कोणाच्या हातीं होतें हें त्यावरून दिसतें. १९०० सालीं ते वारले.

तिसरा लेख नोव्हेंबर १९१० चा. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानें जेजुरीस दक्षिणी महारांची परिषद भरली आणि तिच्या वतीनें भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांस विनंतिपत्र गेलें. तें ह. ना. नवलकरांच्या १९३० च्या कांबळेचरित्रामुळें आपणांस उपलब्ध आहे. कांबळे स्वतः शिपाई नव्हते. ते पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्यें बटलरच्या नोकरीस होते. (बंधुत्वाच्या गुप्त विधींच्या त्या घरांत जातिभेद दाराबाहेर ठेवला जात असे, हें त्यांनीं रोज पाहिलें असेल. यापलीकडे त्यावरून कांहीं अनुमान करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.) १९०८ त त्यांनीं ‘सोमवंशीय मित्र’ मासिक सुरू केलें होतें. जेजुरीच्या पत्रांत मागणी तीच, म्हणजे लष्करांत व पोलिसांत प्रवेश. पण सूर पालटलेला आहे. पूर्वजांच्या क्षत्रियत्वावरील भर सरला. त्याऐवजीं, आम्ही एका राजाची प्रजा आहोंत, प्रजेस समान संधि मिळावी, आणि इंग्लंडांतील कष्टकरी वर्ग जसा वर आला तसा आम्हांसहि मार्ग असावा, असा युक्तिवाद आला. सोळा वर्षांत वंशाचें स्थान हक्कानें घेतलें. आमच्या मतें तिन्ही लेख एकत्र वाचण्याचें खरें फळ हेंच. स्तंभावर सरकार शिपायाची स्तुति करतें. १८९४ त शिपाई त्या स्तुतीची आठवण देऊन कुळी सांगतो. १९१० त तो कुळी बाजूस ठेवून नागरिक म्हणून उभा राहतो.

स्थळाची निवडहि सहज झालेली नसावी. जेजुरी हें खंडोबाचें ठाणें. तेथें माणसें जमविण्यास वेगळें निमंत्रण लागत नाहीं. अमेरिकन शिपायांची छावणी रेल्वेच्या सवलतीनें आणि बँडानें भरे. आमच्या पेन्शनरांची सभा यात्रेच्या वळणावर भरली. कोरेगांवचा मेळावाहि पुढें यात्रेसारखाच झाला. कांबळ्यांनीं स्तंभापाशीं सभा भरविल्या, आणि १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले. त्याच वर्षाच्या मार्चांत महाडास परिषद भरली ती ज्या मुलखांत, तो वलंगकरांचा आणि पेन्शनरांचा मुलूख. महाडच्या भाषणांत लष्कराची नोकरी बंद झाल्यानें या समाजाचें काय नुकसान झालें हें त्यांनीं विस्तारानें सांगितलें. दरम्यान १९१७ त १११ वी महार पलटण उभारली गेली व युद्ध सरल्यावर मोडली. ऑक्टोबर १९४१ त बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्या टोपीवरील चिन्हांत कोरेगांवचा स्तंभ स्वातंत्र्यापर्यंत होता. १ जानेवारी २०१८ रोजीं द्विशताब्दीच्या मेळाव्याच्या वेळीं दंगा होऊन एक तरुण प्राणास मुकला, त्याची चौकशी आयोगाकडे गेली, आणि तेव्हांपासून या विषयावर शांतपणें लिहिणें अधिक कठीण झालें आहे. म्हणूनच तें अधिक अगत्याचें आहे.

गेटिसबर्गाप्रमाणें येथें दोन्ही बाजूंचे म्हातारे कधीं एकत्र जमले नाहींत. जमणार तरी कोण? बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टीस पडले, आणि अरब व गोसावी पांगले. पराभूत बाजूचे शिपाई संघ करून राहिले नाहींत, परंतु पराभूत बाजूच्या घराण्यांचे कागद राहिले, आणि आपल्या संशोधनसंस्थांचीं कपाटें त्यांनींच भरलीं आहेत. येथें जगाच्या नेहमींच्या रीतीच्या उलट झालें. जिंकणाऱ्या पक्षाच्या शिपायाचा इतिहास हरवला आणि हरणाऱ्या पक्षाच्या सरदाराचा टिकला. कारण उघड आहे. कागद जातीच्या उंबरठ्याप्रमाणें जमविले गेले. संशोधक ज्या वाड्यांत जेवला तेथलें दप्तर त्यानें पाहिलें. महारवाड्यांत पेन्शनराच्या पत्र्याच्या पेटींत काय आहे, हें पाहण्यास तो गेला नाहीं.

त्या पेट्या आतां महारवाड्यांत राहिलेल्याहि नाहींत. १९७० पासून वसविलेल्या नवी मुंबईंत महाड, दापोली, मुरबाड आणि साताऱ्याकडील कितीतरी कुटुंबें ऐरोली, नेरूळ, कामोठें येथें राहावयास आलीं, आणि त्यांच्याबरोबर नोकरीचे दाखले, पदकें, पेन्शनीचीं पुस्तकें, सभांचे छापील जाहिरनामे हींहि दोन खोल्यांच्या घरांत आलीं असणें स्वाभाविक आहे. घर बदलतांना रद्दींत प्रथम जातात ते असलेच कागद. संग्राहकांनीं नाणीं व ताम्रपट शोधतांना याकडेहि लक्ष द्यावें. पदक पाहिल्यास त्याच्या कडेवर कोरलेलें नांव व पलटणीचा आंकडा टिपून घ्यावा. पदक विकत घेऊन दाखला घरधन्याकडे टाकूं नये, दोहोंची ताटातूट झाली कीं दोन्ही मुकीं होतात. पेन्शनीच्या पुस्तकांतील गांवाचें नांव आजच्या नांवाशीं न जुळल्यास जुनेंच ठेवावें. आणि नकला करतांना नाकप्रत्ययी नांवें ‘नाईक’ अशीं सुधारून लिहूं नयेत.